गंजिफा : पत्त्यांतला मासा खुर्चीवर कसा जाऊन बसला?

सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलात, तर तिथे कारागीर बसून लाकडावर रंगकाम करताना दिसतात. पेट्या, पाट, टेबलं, खुर्च्या. त्यावर गोल चौकटीत देव, मासे, कासवं. बऱ्याच जणांना ती नुसती नक्षी वाटते. खरं तर ते पत्ते आहेत.

खेळाचं नाव गंजिफा. इराणकडून तो मुघलांसोबत आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघली जोडात ९६ पानं असायची. आपल्याकडे त्याचा दशावतारी गंजिफा झाला : दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजाच्या पानावर अख्खा अवतार काढलेला, पण एक्का ते दश्शीच्या पानांवर फक्त खूण. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, परशुरामाच्या सत्तीवर सात परशू, बस्स. मला विचाराल तर खरी मजा याच साध्या पानांत आहे. देव एका खुणेत मावतो आणि उरते ती फक्त मांडणी. त्यातही पान गोल, म्हणजे कोपऱ्याचा आधार नाही.

जुनं पान कापडाचं असायचं. चिंचोक्याच्या खळीनं थर चिकटवायचे, वर खडूचा लेप, घोटाई, रंग आणि शेवटी लाख. (या कामाला इंग्रजीत लॅकर म्हणतात आणि चिनी फर्निचरलाही तोच शब्द वापरतात. पण चिनी लॅकर हा झाडाचा चीक, आपली लाख किड्यापासून मिळते.)

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर सावंतवाडीत ही कला येणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलाकार उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू केलं. सावंतवाडी तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होती, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये.

पण नुसते पत्ते विकून कारागिरांचं पोट कसं भरणार? खेळणारेच राहिले नव्हते. गावात लाकूडकाम मात्र जुनं, चितार आळीतली लाकडी फळं-खेळणी प्रसिद्धच. मग तीच चित्रं फर्निचरवर आली.

त्यामुळे चितारणारा हात वाचला, पण किंमत मोजावी लागली. पत्त्यावर सात परशू म्हणजे सात हा आकडा असतो, त्यावर डाव जिंकतो किंवा हरतो. टेबलावर तेच परशू सहा काढले काय नि आठ काढले काय, कुणाचं काही बिघडत नाही. पुढच्या वेळी राजवाड्यातून कोस्टर घ्याल तेव्हा १२० पानांचा एक जोडही बघायला मागा. आणि घेतलात, तर नियम सांगेल असं कुणीतरी आजोबा-आजींमध्ये आहे का, तेही विचारा.