बुलेटचा शून्य गॅप

बुलेटच्या इतिहासावर लिहिणारे सगळे लष्कर, थंपिंग आणि रुबाब यात अडकून पडतात. मला त्यात एका किरकोळ गोष्टीचं जास्त कौतुक आहे. टॅपेटचा गॅप.

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना इनटेक व्हॉल्व्हची सेटिंगच नव्हती! पिस्टन खाली गेला की ओढीने व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा. पण वेग वाढवायचा तर व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडायला हवा, म्हणून कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर अशी साखळी आली. साखळी आली की धातूचं प्रसरण आलं, झीज आली आणि दोन्हीचा हिशेब ठेवणारा माणूसही आला.

इंग्लंडमधल्या रेडिचला तयार झालेली ३५० सीसी बुलेट १९४९ ची. भारतीय लष्कराने ती पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासची गाडी जवळपास त्याच इंजिनावर चालूच राहिली. १९७७ पासून तर आपण ती इंग्लंडला विकायला लागलो. माहेरी उलट आहेर म्हणतात तो असा :)

त्या कास्ट आयर्न इंजिनाचा नियम विचित्र आहे. थंड असताना गॅप शून्य. बाकी गाड्यांना फिलर गेज लागतो, इथे बोटं लागतात. इंजिन तापलं की सिलेंडर आणि हेड पुशरॉडपेक्षा जास्त वाढतात आणि गॅप आपोआप पडतो. म्हणून टॅपेट गरम इंजिनावर सेट केला तर गणितच चुकलं.

खरी गोम पुढेच आहे. रॉकर, टॅपेट झिजले की गॅप वाढतो, टकटक ऐकू येते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो, तेव्हा मात्र काहीच ऐकू येत नाही. उलट गाडी छान शांत वाटते! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. नीट टेकलाच नाही तर जळता वायू फटीतून निसटत राहतो आणि कड जळते. आमच्या भाषेत सांगायचं तर टकटक म्हणजे लॉगमध्ये दिसणारी एरर, आणि हा म्हणजे गुपचूप डेटा करप्ट करणारा बग. भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं (झालं ते उत्तमच). पण शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या मऊ सीटना उशीसारखा जपायचा, तीही सोय गेली.

२००८-०९ च्या सुमारास नवं यूसीई इंजिन आलं, त्यात हायड्रॉलिक टॅपेट. ऑइलच्या दाबाने गॅप आपला आपण भरून निघतो. हार्ले-डेव्हिडसनने हे १९४८ च्या पॅनहेडमध्येच केलं होतं म्हणा. आपल्याकडे साठ वर्षं उशिरा.. असो.

झालं काय, की नव्या पिढीच्या मेकॅनिकला टॅपेट सेट करायची वेळच येईना. आणि आता माझ्या वयाची पोरं हौसेने जुन्या बुलेट शोधून घेतायत. माझ्या एका मित्राने घेतली. गॅरेजवाल्याला म्हणाला, "दादा, तो आवाज बंद करा." त्याने गरम इंजिनावरच टॅपेट आवळून दिला, आवाज बंद! काही महिन्यांनी किक अगदी हलकी लागायला लागली, कॉम्प्रेशन गेलेलं. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड करपलेली.

तुमच्याकडे जुनी बुलेट असेल तर गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी टॅपेट कव्हर काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, आवळताना सेटिंग हमखास सरकते. आणि मेकॅनिक हसला, तर हसू दे.