पाणी उतरलं की वाट बदलते

लेक पॉवेलवर बोट काढण्यापूर्वी मी हवामानाच्याही आधी पाण्याची पातळी पाहते. मार्च 1963 मध्ये ॲरिझोनातल्या ग्लेन कॅन्यन धरणाने कोलोरॅडो नदी अडवली आणि हा तलाव साठू लागला. तलाव पूर्ण, म्हणजे समुद्रसपाटीपासून 3,700 फुटांपर्यंत, भरायला 1980 साल उजाडलं. 2023 च्या वसंतात हीच पातळी 3,520 फुटांच्या आसपास आली होती. कड्यांवरचा क्षारांचा पांढरा पट्टा ही घट उघड दाखवतो.

1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात गमावलेला संशोधक लाकडी होड्यांतून याच ग्लेन कॅन्यन दरीतून गेला. धरणाने बुडवलेले तिथले सुळके आणि वाळूचे उंचवटे आता पुन्हा पृष्ठभागाजवळ आले आहेत. वाहवीप या बोटींच्या धक्क्याहून वर जाताना सुमारे 12 मैल वाचवणारा, खोदून काढलेला कॅसल रॉक कट हा जलमार्ग पाणी घटलं की बंद पडतो. मग नदीच्या जुन्या वळणानेच जावं लागतं. वरच्या टोकाला हाइटचा बोटी उतरवण्याचा उतार कोरडा पडला.

म्हणून गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबू नये. अरुंद घळीत शिरताना मी वेग अगदी कमी करते आणि एकाला पुढे टेहळणीला बसवते. गडद पाणी फिकट हिरवं दिसू लागलं की तळ जवळ आला समजायचं आणि इंजिन वर उचलायचं. किनाऱ्याच्या ओल्या गाळात उडी मारू नये, पाय रुततात. लाइफ जॅकेट तर अंगावरच हवं. नदी आपली जुनी दरी परत मागते आहे. तिचा मान राखूनच बोट चालवावी.