पेशीच्या अंगावरील दिवा

कळपात सोडलेले आपले मेंढरू ओळखता यावे म्हणून धनगर त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. शरीरातील अब्जावधी पेशींमध्ये एखादी पेशी कोठे गेली आणि तिच्या वंशाचे पुढे काय झाले, हे जाणू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हाच मार्ग पत्करावा लागला. फोग्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास उभयचर प्राण्यांच्या गर्भावर निरुपद्रवी रंगांचे ठिपके उमटवून पेशींची वाटचाल टिपली. परंतु पेशी दुभंगली की रंगही वाटला जातो आणि काही पिढ्यांनंतर तो दिसेनासा होतो.

स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी आणि निराळ्या कार्याच्या पेशींनाही जन्म देणारी ती मूलपेशी. टोरांटो येथील टिल आणि मॅकुलक यांना १९६१ मध्ये असे आढळले की, किरणांचा मारा केलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली असता त्यांच्या प्लीहेत गाठी उठतात. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असते, याचा पुरावा १९६३ मध्ये मिळाला. तोही किरणांमुळे रंगसूत्रांवर उमटलेल्या खुणा पाहून.

प्रकाशाची खूण मात्र वेगळ्याच दालनातून आली. लेनिनग्राडमध्ये रंगीत काचेचा अभ्यास करणाऱ्या एकिमोव्ह यांनी १९८१ मध्ये दाखविले की, काचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांचा आकार बदलला की त्यांचा प्रकाशाशी असलेला व्यवहारही बदलतो. १९८३ मध्ये अमेरिकेत ब्रुस यांना द्रवातील कणांत तोच गुण आढळला, आणि १९९३ मध्ये बावेंडी यांनी असे कण निर्दोष घडविण्याची रीत शोधली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे कण मिलिमीटरच्या दहा लक्षांशाच्या काही पट एवढेच असतात. अदृश्य अतिनील किरण पडताच लहान कण निळसर, तर मोठे तांबडे उजळतात. नेहमीचे रंग प्रकाशात लवकर विटतात. हे कण दीर्घकाळ टिकतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी त्यांचा पेशींवर खूण म्हणून उपयोग केला, आणि २००२ मध्ये बेडकाच्या गर्भात सोडलेले कण पुढच्या पेशींतही चमकताना दिसले.

अशा खुणेवर किती मोठी आशा अवलंबून असते, हे त्याच सुमारास दिसून आले. अस्थिमज्जेच्या पेशी दुखावलेल्या हृदयात नवे स्नायू निर्माण करतात, असा दावा २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून झाला. त्यालाही आधार होता तो हिरव्या प्रकाशाच्या खुणेचा. रुग्णांवर उपचारही सुरू झाले. परंतु २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अधिक काटेकोर आनुवंशिक खुणा वापरल्या, तेव्हा त्या पेशी हृदयस्नायू होत नाहीत असे आढळले. हृदयाचा स्नायू स्वतःही मंद प्रकाशतो. त्यामुळे नजरेची फसगत होऊ शकते.

२००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी मानवी मूलपेशींत प्रकाशकण भरून त्या रॅट जातीच्या उंदरांच्या हृदयात सोडल्या. आठ आठवड्यांनंतरही त्या ओळखता आल्या. तथापि येथेही सावधगिरी हवी. मूलपेशी मेली, तरी कण मरत नाही. शरीरातील भक्षक पेशी तो गिळतात आणि तोच दिवा परक्या घरात तेवत राहतो. शिवाय यांपैकी अनेक कणांत कॅडमियम हे विषारी द्रव्य असते. वेष्टन नीट नसेल, तर ते पाझरून पेशीलाच मारते, हे २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दिसून आले.

प्रकाश दिसला म्हणजे कण तेथे आहे, एवढेच सिद्ध होते. पेशी जिवंत आहे का, ती काय झाली आणि तिने रोग्याला काय दिले, हे प्रश्न उरतातच. मूलपेशींच्या उपचाराची आश्वासने सढळ हाताने दिली जात असताना, हा भेद शास्त्रज्ञाइतकाच रोग्याच्या आप्तांनीही ध्यानी ठेवणे हिताचे आहे.