ताम्रलिप्ती ते सिंहल : चौदा दिवस आणि तीन तास



कोलकाता ते कोलंबो हे अंतर सरळ रेषेत साधारण १,९५० किलोमीटर आहे. थेट विमान असेल तर तीन तासांच्या आसपास लागतात. आम्हा गिरणी कामगारांच्या हिशेबात सांगायचं तर अर्धी पाळीसुद्धा भरत नाही! पण सोळाशे वर्षांपूर्वी जवळपास याच वाटेने एक वयोवृद्ध भिक्खू गेला, त्याची आठवण आज करायची आहे.

त्याचं नाव फाहियान. चीनमधल्या भिक्खूंजवळ विनयाचे ग्रंथ अपुरे होते. ते मिळवायचेच, असा निश्चय करून इ.स. ३९९ मध्ये तो चांगआन, म्हणजे आजच्या शियान शहरातून पायी निघाला. तेव्हा वय साठीच्या आसपास असावं. वाळवंट तुडवलं, बर्फाचे डोंगर ओलांडले. सोबत्यांपैकी कोणी परत फिरले, एकाने तर बर्फातच प्राण सोडला. पाटलीपुत्रात तीन वर्षे राहून तो आपली भाषा शिकला आणि विनयाचे ग्रंथ हाताने उतरवून घेतले. तिथे उरलेला शेवटचा सोबतीही भारतातच राहिला. फाहियान एकटा पुढे निघाला.

गंगेच्या मुखाजवळ ताम्रलिप्ती हे मोठं बंदर होतं. बंगालमधलं आजचं तामलुक ते हेच. तिथेही दोन वर्षे त्याने सूत्रं उतरवली. मग व्यापाऱ्यांच्या जहाजात बसला. हिवाळ्याचा वारा अनुकूल होता, तरी सिंहलद्वीपाला पोहोचायला चौदा दिवस आणि चौदा रात्री लागल्या.

तिथे अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला. आपल्या देशातलं ते कापड बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः कापडाच्या धंद्यातला माणूस. कापडाचा एक तुकडा माणसाला घरची किती आठवण देऊ शकतो, हे मला समजतं.

परतीच्या वाटेवर वादळात जहाजाला भोक पडलं. व्यापारी आपला माल समुद्रात फेकू लागले. फाहियाननेही आपली पाण्याची झारी आणि भांडं फेकून दिलं. पण ग्रंथांना हात लावू दिला नाही. पुढे जावामार्गे इ.स. ४१२ मध्ये तो चीनच्या किनाऱ्याला लागला आणि म्हातारपणी त्या ग्रंथांच्या भाषांतराला बसला.

१९५० साली परमपूज्य बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. आज आपली माणसंही तिथे यात्रेला जातात, फोटो काढतात, मूर्ती आणतात. त्यात वाईट काही नाही. अंतर कमी झालं ही चांगलीच गोष्ट आहे. पण फाहियानने तेरा वर्षे घालवून काय आणलं? पुस्तकं!

आणि आपण? आपल्या विहारात पुस्तकांचं कपाट आहे. वंदना झाली की आपण त्याच्यासमोरूनच चपला घालून घरी जातो. कपाटाचं कुलूप महिनोन्‌महिने निघत नाही. यात मीही आलो. घरापासून विहार पाच मिनिटांवर, त्याला ना विमान लागतं ना जहाज. या वर्धापनदिनी ते कपाट उघडू या. दर रविवारी पोराबाळांना घेऊन तासभर वाचायला बसू या. एवढं झालं तरी त्या म्हाताऱ्या भिक्खूचे कष्ट आपल्यापर्यंत पोहोचले, असं म्हणता येईल.

नमो बुद्धाय! जय भीम!