अक मेचेत : मशिदीच्या नावाचं चर्च

मागच्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "मुस्लिमांनी ख्रिस्ती निर्वासितांसाठी मशीद उघडून दिली, हा आहे आपला इतिहास!" खाली कुठल्याशा वाळवंटातल्या बैलगाड्यांचं चित्र होतं. गावाचं नाव नाही, साल नाही. मी शिक्षक माणूस, अशा अर्धवट उत्तरपत्रिकेला मार्क कसे द्यायचे? शोधायला बसलो. गोष्ट खरी निघाली, पण मेसेजमध्ये होती तेवढी सरळ नव्हती. आणि तिने मला माझ्याच मोहल्ल्यातल्या एका बैठकीत परत नेऊन बसवलं.

मेनोनाइट हा ख्रिस्ती लोकांमधला एक छोटा पंथ. सोळाव्या शतकातल्या मेनो सिमन्स या डच धर्मगुरूवरून हे नाव पडलं. त्यांचं म्हणणं असं की बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यावा, शपथ घेऊ नये आणि हत्यार उचलू नये. या शेवटच्या अटीपायी त्यांना कुठल्याच राजाने फार काळ सुखाने नांदू दिलं नाही. हॉलंडमधून ते प्रशियात गेले. तिथे सैन्यभरतीचा जाच वाढला, तेव्हा कॅथरिन राणीच्या निमंत्रणावरून रशियात आले. आपल्याकडे हा पंथ छत्तीसगडमधल्या धमतरीमुळे थोडाफार माहीत आहे. तिथे १८९९च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी काम सुरू केलं. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी आपलं नागपूर. पण माझी गोष्ट त्याच्याही आधीची, मध्य आशियातली आहे.

१८७४मध्ये रशियाच्या झारने सैन्यसेवा सगळ्यांना सक्तीची केली. मेनोनाइटांना बंदुकीऐवजी जंगलखात्यात काम करण्याची सवलत मिळाली. बहुतेकांनी ती मान्य केली, हजारो लोक अमेरिका-कॅनडाला निघून गेले. व्होल्गाकाठच्या 'आम ट्राक्ट' वसाहतीतल्या काही कुटुंबांनी मात्र उलटी दिशा धरली. त्यांचा पुढारी क्लास एप. बायबलमधली भविष्यवाणी वाचून त्याची खात्री झाली होती की येशूचं पुनरागमन जवळ आलंय आणि त्या संकटकाळात आसरा मिळेल तो पूर्वेकडेच. सगळी दुनिया पश्चिमेला पळत होती आणि हे लोक तुर्कस्तानाकडे!

जुलै १८८०मध्ये पहिला काफिला निघाला. मागून आणखी आले. वाळू, थंडी, आजार यांत लहान मुलं वाटेतच दगावली. कितीतरी आयांनी स्टेपच्या मातीत लेकरं पुरली आणि गाड्या पुढे हाकल्या. ताश्कंदजवळ हिवाळा काढला. गव्हर्नर जनरल फॉन काउफमान याने सवलतीची आशा दाखवली होती, पण झारचा खून झाला, काउफमान आजारी पडला आणि ती आशाही संपली. मग ते बुखाऱ्याकडे वळले. बुखाऱ्याच्या अमीराने त्यांना आपल्या हद्दीत थारा दिला नाही. म्हणजे एका मुसलमान राजाने दार बंद केलं, हेही त्या मेसेजमध्ये असायला हवं होतं.

सरहद्दीवर सेराबुलाक नावाचं गाव होतं. १८८१-८२चा हिवाळा त्यांनी तिथे काढला. गावकऱ्यांनी राहायला जागा दिली आणि रविवारच्या प्रार्थनेसाठी आपली मशीदही दिली. त्या मशिदीत त्यांची जर्मन स्तोत्रं गायली गेली, बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली. जरा डोळ्यांसमोर आणा. शुक्रवारी खुतबा, रविवारी जर्मन प्रवचन. छप्पर एकच. कुणी ठराव केला नाही, कुणी फतवा मागवला नाही. हिवाळा होता आणि माणसं उघड्यावर होती, एवढंच.

जाणकार वाचकांना नजरानचं शिष्टमंडळ आठवलं असेल. इब्न इसहाकच्या रिवायतीप्रमाणे नजरानचे ख्रिस्ती मदिन्यात आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना मस्जिद-ए-नबवीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करू दिली. सेराबुलाकच्या साध्या शेतकऱ्यांना ही रिवायत माहीत होती की नव्हती, देव जाणे. आम्हाला मात्र ती माहीत होती. तेवढ्यासाठीच आता थोडं माझं सांगतो.

बी.एड.च्या सरावपाठासाठी मी एका खेड्यात होतो. गावात मुसलमानांचं घर नव्हतं, मशीद कुठली असणार! जोहरची नमाज शाळेमागच्या झाडाखाली पढायचो. पावसाळा लागला आणि पंचाईत झाली. तिथे एक जुनं, कौलारू, छोटं चर्च होतं. त्याची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी एक दिवस स्वतःच हाक मारली, "मास्तर, भिजू नका, ओसरीवर या." पुढचा महिनाभर मी त्या ओसरीवर नमाज पढलो. किब्ला कुठे, हे एकदाच विचारून त्यांनी त्या बाजूचा बाक कायमचा उचलून ठेवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी नोकरीच्या गावी मशिदीच्या कमिटीत होतो. एका पावसाळ्यात पाणी शिरलं म्हणून खालच्या वस्तीतली पाच-सहा घरं आमच्या मशिदीचा हॉल चार दिवसांसाठी मागायला आली. ते आपल्या जमातीचे नव्हते. बैठक बसली. कुणी म्हणालं, पाकी-नापाकीचं काय? कुणी म्हणालं, हल्लीचे दिवस बघा, उद्या काही झालं तर आपल्यावरच येईल. ही दुसरी भीती खोटी नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. "विचार करून सांगू," असं उत्तर गेलं. लोकांनी दुसरी सोय पाहिली. नजरानची रिवायत मला तोंडपाठ होती, ती ओसरीही आठवत होती. मी त्या बैठकीत एक शब्द बोललो नाही.

असो. काफिल्याकडे परत येतो.

१८८२मध्ये खिव्याचा खान मुहम्मद रहीम दुसरा याने त्यांना बोलावलं. हा माणूस उर्दूवाल्यांना आवडावा असा. स्वतः शायर, चगताई तुर्कीत गझला लिहायचा, खिव्यात शिळाछापखाना त्यानेच आणला. तखल्लुस 'फ़ेरूज़', म्हणजे विजयी. हा विजयी १८७३मध्ये त्याच काउफमानकडून हरला होता आणि झारचा मांडलिक होऊन बसला होता. म्हणजे झारने हरवलेल्या राजाने झारला कंटाळलेल्यांना आसरा दिला. अर्थात खिव्याला संत ठरवू नका. रशियनांनी बंद करेपर्यंत तिथला गुलामांचा बाजार सगळीकडे कुप्रसिद्ध होता. खानालाही कसबी कारागीर हवे होते.

उंटांवरून वाळवंट, मग अमू दर्यातून होड्या, असं करत ते लाउसान इथे पोचले. तिथे योमुत तुर्कमेन टोळ्यांनी त्यांना लुटायला सुरुवात केली. घोडे गेले, गुरं गेली, एक माणूस मारला गेला. हे लोक हात उगारत नाहीत, ही बातमी लुटारूंमध्ये पसरायला किती वेळ लागणार? १८८४मध्ये बरेच जण थकून अमेरिकेला गेले. उरलेल्या सुमारे ४० कुटुंबांना खानाने खिवा शहराजवळ एक बाग वसायला दिली.

त्या बागेत त्यांनी मातीची घरं बांधली, मधोमध शाळा आणि प्रार्थनाघर. प्रार्थनाघराला चुना फासला. आसपासचे लोक त्याला 'अक मेचेत' म्हणू लागले, म्हणजे पांढरी मशीद. तेच गावाचं नाव झालं. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात आवडतं. शेजाऱ्यांना ते दुसऱ्याच कुणाचं 'चर्च' वाटलं नाही. जिथे अल्लाहपुढे माणूस झुकतो ती मशीद, इतकं त्यांचं साधं व्याकरण!

क्लास एपचं पुढे वाईट झालं. त्याने ८ मार्च १८८९ ही पुनरागमनाची तारीख सांगितली. गावाने तयारीत तो दिवस काढला, काहीच झालं नाही. मग त्याने १८९१ सांगितलं, तेही गेलं. हळूहळू तो स्वतःलाच दैवी समजू लागला आणि बहुतेकांनी त्याची साथ सोडली. नंतरच्या इतिहासकारांनी या सगळ्या प्रवासाची एका वेड्याची फजिती म्हणून टिंगल केली. पण तारीख खोटी ठरल्यावरही ते गाव जवळपास ४५ वर्षं टिकलं, त्याचं काय? ती वर्षं सुतारकामाची, शिवणकामाची, भाजीपाल्याची होती. खिव्याच्या नुरुल्लाबाय महालातली लाकडी नक्षीची फरशी त्यांच्या सुतारांनी बसवली, ती आजही पाहायला मिळते. विल्हेल्म पेनर नावाच्या त्यांच्या शिक्षकाकडे कॅमेरा होता. खिवेकर त्याला 'पानोर बुवा' म्हणत. (उझबेकमध्ये बुवा म्हणजे आजोबा. आपल्या बुवाशी नातं लावायचा मोह मी आवरतो.) त्याने खुदायबेर्गेन देवानोव या मुसलमान पोराला फोटो काढायला शिकवलं. तो पहिला उझबेक छायाचित्रकार झाला. जुन्या खिव्याचे चेहरे आज आपल्याला दिसतात ते त्याच्यामुळे.

आणि धर्मांतर? माझ्या वाचनात आलं त्यात ना या बाजूने लाट आहे, ना त्या बाजूने. ते त्यांच्या पांढऱ्या मशिदीत जात राहिले, हे आपल्या.

शेवट सोव्हिएत सरकारने केला. अक मेचेतवाल्यांनी सामूहिक शेती नाकारली. पुढाऱ्यांना अटक झाली, खटला चालला आणि १९३५मध्ये अख्खं गाव ट्रकांत भरून ताजिकिस्तानात वख्शच्या खोऱ्यात नेऊन टाकलं. त्याच काळात मध्य आशियातल्या मशिदीही बंद होत होत्या, त्यांची गोदामं होत होती. देवानोवही स्टालिनच्या त्याच वरवंट्याखाली गेला. पांढरी मशीद आज उभी नाही.

२०२२मध्ये सोफिया समतर या लेखिकेने या प्रवासाच्या वाटेवर जाऊन 'द व्हाइट मॉस्क' हे पुस्तक लिहिलं. तिचे वडील सोमाली मुसलमान, आई मेनोनाइट. ही गोष्ट लिहायला तिच्याइतकं हक्काचं माणूस दुसरं कोण असणार?

त्या मेसेजखाली मी ग्रुपवर गावाचं नाव आणि साल लिहिलं, बुखाऱ्याच्या अमीराचंही लिहिलं. त्यावर कमिटीतल्या एका जुन्या साथीदाराचा फोन आला. "सर, ते हॉलचं तुम्हाला अजून आठवतं का हो?" म्हटलं, आठवतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीही त्या दिवशी काही बोललो नव्हतो."