पाणउतारा

चारचौघांत एखाद्याला मान खाली घालायला लावली की आपण म्हणतो, 'त्याचा पाणउतारा केला.' हे पाणी रांजणातले नव्हे. मोत्याला असते, तलवारीच्या पात्याला असते, ते. आणि गंमत पाहा, आपला 'अब्रू' हा शब्द आला फारसीतल्या 'आबरू'वरून. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू! दोन भाषा दोन वाटांनी आल्या आणि एकाच पाणवठ्यावर भेटल्या.

नांदेडला इंग्रजी शिकवता शिकवता मला अशा शब्दांची गोडी लागली. मुले विचारतात, 'सर, अपमानाला इंग्रजीत एवढे शब्द कशाला?' मी त्यांना शब्दांची मुळे उकरून दाखवतो. 'इन्सल्ट'च्या मुळाशी अंगावर उडी घेणे आहे. 'ह्युमिलिएट'च्या मुळाशी आहे माती. 'डेनिग्रेट' म्हणजे काळे करणे. आपणही तोंडाला काळे फासतोच की! 'सार्कॅझम'चे ग्रीक मूळ मांसाचा लचका तोडणारे. आपला टोमणाही जिव्हारी लागतो तो उगाच नव्हे. शिवाय लेखी बदनामी ती 'लायबल' आणि तोंडी ती 'स्लँडर'.

हे सारे शास्त्र साहेबाचेच, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वाक्पारुष्य' नावाचे प्रकरणच आहे. काण्याला काणा म्हटले तर ३ पण दंड. नसलेले व्यंग चिकटवले तर ६. आणि काण्याला 'काय सुंदर डोळे!' म्हणून स्तुतीच्या आडून हिणवले तर १२. उपरोध शिवीपेक्षा महाग! यावर वर्ग हसतो. आम्हा मास्तरांनी मात्र हसू नये. १२ पणांचे गिऱ्हाईक आमच्या धंद्यात पुष्कळ.

पण याच परंपरेचे दुसरे पान वाचले की हसू मावळते. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायात ब्राह्मणाने क्षत्रियाला टाकून बोलल्यास ५० पण, वैश्याला २५, शूद्राला १२. क्षत्रियाने ब्राह्मणाला बोलल्यास १००. आणि शूद्राने बोलल्यास? तिथे पैशांचा हिशेबच नाही. शिक्षा थेट देहाला. बोल तेच, पण ते कोणी कोणाला ऐकवले यावर त्यांची किंमत ठरायची.

आमचा नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा १८८० च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आली. उर्दू कायद्यात बदनामीला भारदस्त नाव आहे : इजाला-ए-हैसियत-ए-उर्फी. म्हणजे, लोकांच्या नजरेत असलेली पत काढून घेणे. शब्द मोठा सुरेख. पण मनात येते, ज्याला लोकांनी पतच दिली नाही, त्याचे काय काढून घेणार?

१८६० ची भारतीय दंडसंहिता १९५१ साली आमच्याकडे आली. तिने लायबल आणि स्लँडर एकाच 'बदनामी'त घातले. मनूचे चढते-उतरते दरही तिच्यात नव्हते. तथापि कलम ४९९ च्या एका स्पष्टीकरणात, जातीच्या संदर्भात माणसाला कमी लेखायला लावणे हीही बदनामी ठरवली होती. जातीने दिलेली पत राखली. जातीने नाकारलेली पत कोण राखणार? कलम ५०४ चा अपमान शांततेचा भंग घडवण्याजोगा असावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अपमान गिळायलाच शिकवले, त्यांच्या गिळण्याने कुठली शांतता भंगणार होती? ही संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पण हे दोन्ही गुन्हे तिच्यातही आहेत.

म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे मोल मोठे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांदेखत हेतुपुरस्सर पाणउतारा करून बोलणे हाच गुन्हा, असे त्याने सांगितले. २०१५ च्या दुरुस्तीने जातीवरून शिवी देणेही नाव घेऊन त्यात आणले. आणि जी शिवी तोंडी नव्हती, गावाच्या पाटीवर होती, तिचे काय? वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. लातूरकडच्या खेड्यांत काय किंवा नांदेडच्या खेड्यांत काय, पाटी एका दिवसात बदलता येते. जिभेला वेळ लागतो.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाणी प्यायले, ते काही केवळ तहानेपोटी नव्हे. तळ्यातले पाणी आणि चेहऱ्यावरचे पाणी ही दोन पाणी वेगळी नाहीत, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

वाचकहो, दिवाळीत घरी माणसे येतात. चेष्टामस्करी व्हायचीच, व्हावीही. फक्त फराळाचे ताट पुढे करताना आपण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, कोणाला अहो म्हणतो आणि कोणाला अरे, तेवढे ऐकावे. अब्रूचे पाणी कायद्याला फार उशिरा दिसते. घरातल्या माणसांना ते आधी दिसायला हवे.