आपल्या दिंडीच्या चाली : मुखापासून मोबाईलपर्यंत



शताब्दीच्या अंकासाठी दिंडीच्या गाण्याचा इतिहास लिही, असं मंडळींनी मला सांगितलं. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. जे ऐकलं, जे पाहिलं तेवढंच लिहितो. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा चाल शिकायची वाट एकच होती, गुरूचं मुख आणि आपला कान. पहाटे काकड्याला आणि तिन्हीसांजेला हरिपाठाला थोरल्या बुवांच्या मागं उभं राहायचं. बुवांनी चरण म्हणायचा, आपण उचलायचा. चुकलं की बुवा बोलायचे नाहीत, नुसते टाळ थांबवायचे. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं मुलं राहून शिकू लागली, पण रीत हीच, ऐकायचं आणि म्हणायचं.

यंत्र मात्र त्याच्याही आधी देशात आलं होतं. 1902 साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. आपल्याकडं एक अभंग रंगला तर अर्धा तास हलत नाही, तो तिथं कसा मावणार? पुढं 1927 ला मुंबईत रेडिओ सुरू झाला, 1936 ला प्रभातचा ‘संत तुकाराम’ बोलपट आला, 1953 ला पुण्याला आकाशवाणी केंद्र झालं. पहाटे रेडिओवर अभंग लागायचे, ते बाया दळता दळता ऐकायच्या. पण रेडिओला ‘बुवा, पुन्हा एकदा म्हणा’ असं सांगता येत नव्हतं. निसटलं ते निसटलं.

ती सोय केली टेपरेकॉर्डरनं. माझे चुलते मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपात ते गावी परत आले, तेव्हा संगं टेप आणला. थोरले बुवा थकले होते. चुलत्यांनी एका एकादशीला देवळात टेप लावला आणि बुवांच्या चाली कॅसेटमध्ये भरल्या. पुढच्या वर्षी बुवा वैकुंठवासी झाले. ती कॅसेट म्हणजे आपल्या दिंडीचा ठेवा झाली.

आता एक कबुली द्यायची आहे. त्या कॅसेटवर बुवांचा आवाज पोराटकी, बारीक यायचा आणि लय चढी यायची. आम्ही तरणी पोरं त्यावरच शिकलो. जुने टाळकरी म्हणायचे, “अरे, बुवा असे पळत नव्हते.” आम्ही म्हणायचो, “नाना, यंत्र खोटं बोलतंय व्हय?” तीसेक वर्षं आपली दिंडी त्या चढ्या लयीत गायली. पाऊल एकीकडं आणि टाळ दुसरीकडं, घाटात म्हाताऱ्यांना दम लागायचा.

माझ्या नातवानं ती कॅसेट संगणकात घेतली तेव्हा खरं काय ते कळलं. भरताना टेपचे सेल उतरलेले होते. त्यामुळं फीत हळू फिरली. पुढं नव्या सेलवर लावली की तीच फीत नेमानं फिरायची, म्हणून आवाज बारीक आणि लय जलद. बुवा कायम काळी एकला गायचे, हे दोन जुन्या टाळकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. कॅसेटवर ऐकू यायची काळी दोन. नातवानं देवळातली पेटी पुढं घेतली, काळी एक दाबून धरली आणि गाणं उतरवत उतरवत तिच्याशी जुळवलं. बुवांचा भरदार आवाज देवळात घुमला. नाना भिंतीला टेकून रडले. ती लय बरोबर पावलाची होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं, पण आम्ही माणसाला विचारलं नाही, ही चूक आमची.

2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. तेव्हा मंडळींनी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून भजन करून पाहिलं. जमलं नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो. माझा टाळ तुमच्याकडं मागं पडतो, तुमचा माझ्याकडं. वीणेचा सलग नाद तर मोबाईल गोंगाट समजून गाळून टाकतो. मग ठरवलं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरातच साथ करायची.

पण शिकायला मोबाईल कामाचा आहे. पुण्यातली आपली पोरं मृदंगाचे बोल यूट्यूबवर निम्म्या गतीनं ऐकतात. टेप हळू केला की स्वर खाली जायचा, इथं स्वर तोच राहतो आणि बोट कुठं पडतं तेही दिसतं. रात्री पोरगं वाजवून पाठवतं, सकाळी मी गोठ्यात ऐकून सांगतो, “तिसऱ्या आवर्तनात घाई झाली.”

भीती एकच आहे. सगळ्यांनी मोबाईलवर गाजलेली एकच चाल उचलली, तर दिंडीदिंडीची वेगळी चाल बुडेल. म्हणून हात जोडून सांगतो. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या देवळात आणून द्याव्यात, आपण त्या उतरवून घेऊ. सोबत घरातलं जुनं माणूसही आणावं. चाल बरोबर आहे का, हे तेच सांगेल. चाल यंत्रात राहते, पण लय पावलात असते. ती आळंदीच्या वाटेवर, वीणेच्या मागंच सापडते.

राम कृष्ण हरी.